अकरा जण संपर्कात नाहीत

(मे १९९९, दुपारची वेळ. वसईत पापडीच्या बाजाराजवळ रेजिना यांचं टायपिंगचं दुकान. नायगावात दवाखाना चालवणारे डॉ. चंद्रहास कॉम्प्युटरशेजारच्या स्टुलावर बसले आहेत.)

रेजिना : नाही डॉक्टर, ही ओळ माझ्या हातून टाइप होणार नाही.

डॉक्टर : कुठली?

रेजिना : पान सहा, खालून तिसरी. एक्केचाळीस पेशंटपैकी अकरा ‘लॉस्ट टू फॉलो-अप’. म्हणजे पुढे संपर्कात राहिले नाहीत, असंच ना?

डॉक्टर : हो. संशोधनाच्या अर्जात तसंच लिहितात. ठरलेला शब्द आहे.

रेजिना : त्या अकरांत बेटीबाईचा मुलगा मर्विन आहे की नाही?

डॉक्टर : कोण मर्विन?

रेजिना : गिरीजचा. कामणला गोदामात गोण्या उचलायचा. तुमच्या यादीत तेवीस नंबर. पहिल्या खेपेला तुम्ही नावांसकट यादी दिली होती, मग नावं खोडून नंबर घालायला सांगितलेत. मीच घातले.

डॉक्टर : आहे. असेल त्या अकरांत.

रेजिना : त्याच्या मयताला मी गेले होते. बेटीला धरून बसले होते. तो संपर्कात राहिला नाही? चर्चच्या मागे तिसऱ्या रांगेत आहे तो. पत्ता लिहून देऊ त्यांना?

डॉक्टर : हळू बोला. बाहेर गिऱ्हाइकं आहेत.

रेजिना : बाहेर सुकी मासळी घेणाऱ्या बायका आहेत. त्यांना तुमच्या इंग्रजी अर्जाचं काय पडलंय?

डॉक्टर : रेजिनाबाई, मी हे टाइप करायला दिलंय. तपासायला नाही.

रेजिना : बरोबर. बावीस वर्षं मुंबईला फोर्टात स्टेनो होते मी. साहेब सांगतील ते टाइप केलं. माल गोदामात पडलेला असताना ‘कालच रवाना केला’ म्हणून पत्रं टाइप केली. हूं की चूं केलं नाही. पण मेलेला माणूस पत्ता न ठेवता कुठे निघून गेला, असं मी आजवर लिहिलेलं नाही.

डॉक्टर : ‘मृत्यू’ हा शब्द त्यांना नको आहे.

रेजिना : कुणाला?

डॉक्टर : न्यासाला. जे पैसे देणार आहेत त्यांना.

रेजिना : न्यास म्हणजे ती कंपनीच ना? कंबरदुखीची गुलाबी गोळी बनवणारी?

डॉक्टर : कंपनीचा न्यास. कागदावर वेगळा आहे.

रेजिना : कागदावर मर्विनसुद्धा जिवंत आहे.

डॉक्टर : झालं बोलून? पाचच्या आत हे कुरियरला द्यायचंय. आज शेवटची तारीख आहे.

रेजिना : अजून नाही झालं. पहिला अर्ज आहे माझ्या फ्लॉपीत, सत्त्याण्णव सालचा. शीर्षक काय होतं आठवतंय? ‘वसई परिसरातील मिठागर कामगार व हमाल यांच्यात वेदनाशामक गोळीमुळे होणारी मूत्रपिंडाची हानी.’ आता हे चौथ्या अर्जाचं. ‘असंघटित कामगारांच्या पाणी पिण्याच्या व स्वतःहून औषध घेण्याच्या सवयी.’

डॉक्टर : विषय तोच आहे.

रेजिना : तोच? तेव्हा गोळीने केलं होतं. आता माणसांनीच केलं.

डॉक्टर : पाणी कमी पडतं हे खोटं नाही. भर उन्हात सकाळपासून मीठ ओढतात, घामाने अंगातलं पाणी जातं. त्यात कंबर धरली की ती गोळी. ती गोळी मूत्रपिंडाकडे जाणारं रक्त कमी करते. तुमच्याआमच्यासारखा सावलीतला माणूस एकवेळ निभावून नेईल. यांचं मूत्रपिंड सुकून जातं. एक-दोन वर्षांत नाही कळत. पाय सुजायला लागले की कळतं, तोवर खेळ आटोपलेला असतो.

रेजिना : हे तुम्ही आत्ता जसं बोललात ना, तसंच पहिल्या अर्जात होतं. मला आवडलं होतं ते. मी घरी जाऊन बहिणीला सांगितलं होतं, एक डॉक्टर आहे, इथल्या माणसांचं कुणीतरी लिहितोय.

डॉक्टर : आणि त्या पहिल्या अर्जाचं काय झालं तेही सांगितलंत का बहिणीला? अकरा महिने दिल्लीच्या टेबलावर पडून होता. मग दोन ओळींचं पत्र. ‘विषय प्राधान्यक्रमात बसत नाही.’ मी फोन केला. पलीकडचा गृहस्थ विचारतो, डॉक्टर, हे मिठागर म्हणजे नेमकं काय असतं? हा माझा अर्ज वाचलेला माणूस!

रेजिना : दुसरा मुंबईच्या कॉलेजला गेला होता.

डॉक्टर : तिथले प्रोफेसर. त्यांनी चहासुद्धा विचारला नाही. म्हणाले, विषय उत्तम आहे, माझ्या नावावर टाकू. तुम्ही रक्ताच्या आणि लघवीच्या बाटल्या गोळा करून पाठवत जा. तीन वर्षं मी वह्या भरल्या, जूचंद्रपासून कामणपर्यंत स्कूटरवर घरोघर फिरलो, आणि मी कोण? बाटल्यावाला. तिसरा परदेशातल्या फंडाला. अडतीस पानांचा फॉर्म. त्यात प्रश्न काय, तुमच्या संस्थेच्या नीतिमत्ता समितीवर किती सभासद आहेत? माझी संस्था म्हणजे मी, कंपाउंडर आणि एक टेबलफॅन.

रेजिना : म्हणून हे.

डॉक्टर : हो, म्हणून हे! दुसरं दार असतं तर मी या दारात गेलो असतो का? तो कौस्तुभ नावाचा मॅनेजर आहे त्यांचा. पोरगेलासा. मला हायवेच्या हॉटेलात जेवायला नेलं. समोर सुरमई. आणि सुरमई खाता खाता तो मला माझा अर्ज दुरुस्त करून देतोय. ‘सर, इथे नाव नको, “विविध वेदनाशामके” म्हणू या. सर, इथे मृत्यू नको, निगेटिव्ह वाटतं.’ निगेटिव्ह! काटा काढून ताटाच्या कडेला ठेवावा तशी माझी माणसं बाजूला काढून ठेवत होता.

रेजिना : आणि तुम्ही जेवलात.

डॉक्टर : जेवलो. निघताना त्याने भेट दिली, मूत्रपिंडाच्या आकाराचा पेपरवेट. त्यावर कंपनीचं नाव. घरी जाऊन मला ओकारी झाली. बायकोला वाटलं, मासळी शिळी होती.

रेजिना : मग त्याच रात्री त्याला नाही म्हणून कळवायचं होतंत.

डॉक्टर : दोन डायलिसिस मशीन देणार आहेत ते.

रेजिना : काय?

डॉक्टर : अभ्यास मंजूर झाला तर त्याच्याबरोबर दोन मशीन. आपल्या इथल्या ट्रस्टच्या हॉस्पिटलात बसवायची. शिकवलेला माणूस, पाणी शुद्ध करायचं यंत्र, दोन वर्षांचा खर्च, सगळं त्यांचं. माझ्या एक्केचाळीसांतले तीस जण उरलेत, रेजिनाबाई. त्यातले नऊ जण आठवड्यातून दोनदा मुंबईला जातात रक्त धुऊन घ्यायला. येताना त्यांना उभंसुद्धा राहवत नाही. आणखी दोघे जायचे, त्यांनी जाणं सोडलं. मी विचारलं का, तर म्हणाले, परवडत नाही आणि सोसवत नाही. आता सांगा. अकरा मेलेल्यांसाठी एक शब्द, की नऊ जिवंतांसाठी मशीन?

रेजिना : हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?

डॉक्टर : तुम्ही टाइपिस्ट आहात म्हणून.

रेजिना : तेही खरंच.

डॉक्टर : मला माफ करा. तसं म्हणायचं नव्हतं.

रेजिना : राहू दे. थांबा जरा, मला दोन्ही अर्ज शेजारी ठेवून बघू दे. नाव काढलं कंपनीसाठी. मृत्यू काढले कंपनीसाठी. इथे पान चारवर एक परिच्छेद होता... तो कुठे गेला?

डॉक्टर : कुठला?

रेजिना : ‘एक्केचाळीसपैकी चौदा रुग्णांना ही गोळी प्रस्तुत संशोधकाने स्वतः लिहून दिली होती.’ हा.

डॉक्टर : तो अनावश्यक होता.

रेजिना : हे कौस्तुभने सांगितलं?

डॉक्टर : त्याने... त्याच्या यादीत होतं.

रेजिना : डॉक्टर, मी कौस्तुभची यादी पाहिलीय. तुम्हीच अर्जाला टाचून दिली होतीत, लाल शाईतली. सात दुरुस्त्या आहेत. ही आठवी आहे.

डॉक्टर : सातच? नीट मोजा.

रेजिना : ही तुमची आहे.

डॉक्टर : हो, माझी आहे! त्याला ती ओळ फार आवडली होती, ऐकायचंय? तो म्हणाला, ही राहू द्या सर, म्हणजे जबाबदारी डॉक्टरची होते, कंपनीची नाही. मी म्हणालो, ती गेली तरच बाकीच्या सात दुरुस्त्या करीन. भाजीवाल्याशी करावी तशी घासाघीस केली मी. तुम्ही मृत्यू काढा म्हणता ना, मग माझीही एक ओळ काढतो. त्याने हात पुढे केला. तेलकट हात.

रेजिना : ती एकच ओळ वाचून मी तुम्हाला चांगलं माणूस समजले होते.

डॉक्टर : मला काय माहीत होतं तेव्हा? नव्वद साली दवाखाना टाकला. कंपनीचा एमआर, औषधं खपवणारा, यायचा, टेबलावर पाकिटांची रास ठेवून जायचा, फुकट. म्हणायचा, पोटाला लागत नाही, एकदम सेफ. बाहेरच्या देशांत त्याच गोळीच्या कागदावर मूत्रपिंडाचा इशारा छापलेला असतो, इथल्या कागदावर एक ओळ नाही. मी फुकट वाटली. गरीब माणसं, कंबर दुखते म्हणून रडतायत, माझ्या हातात गोळी आहे, मी का नाही देणार? पंच्याण्णव साली एका मासिकात वाचलं. त्याच दिवशी बंद केली. पण तोवर गावाला सवय लागली होती, दुकानातून घ्यायला लागले होते. म्हणून तर वह्या भरायला घेतल्या मी. कोण आठवड्याला किती घेतं, कधीपासून, कुणी दिली.

रेजिना : म्हणजे ही मूळची वही कशाची होती? संशोधनाची की कबुलीची?

डॉक्टर : मला आता त्यातला फरक कळत नाही. माझीच मला किळस येते. बस?

शांताराम : बाय, येऊ का आत? कोन हाय? अरे, डॉक्टरसाहेब! तुमीबी हितंच?

रेजिना : या शांतारामदादा. बसा या खुर्चीवर. चपला राहू द्यात.

शांताराम : पाय फुगलेत ना, काढल्या की चपला परत चढत नाय. मुंबईच्या ट्रस्टला सवलतीचा अर्ज द्यायचा हाय तो झाला का, म्हनून आलो. आज माझी रक्त धुवायची पाळी हाय. तीनच्या गाडीने निघायचंय. पोरगा कामावर, एकलाच चाललोय.

डॉक्टर : शांताराम, पाणी मोजून पिताय ना? पायांवर सूज जास्त दिसतेय.

शांताराम : मोजूनच. आयुष्यभर पानी मिळालं नाय म्हनून गेली किडनी, आता पानी समोर हाय तर पिऊ नको म्हनता. गंमतच हाय.

रेजिना : हा तुमचा अर्ज. खाली अंगठा घ्यायचाय.

शांताराम : घ्या. अंगठा आता सरावलाय. परवा शाळेत शिबिर झालं तवाबी घेतला.

रेजिना : कसलं शिबिर?

शांताराम : साहेबांना ठाऊक हाय ना. ते कंपनीवाले आलेले जूचंद्राला. रक्त घेतलं, फोटू काढला, छत्री दिली एक. एका कागदावर अंगठा घेतला. मी म्हनलं काय लिवलंय, तर तो टायवाला पोरगा म्हनला, काका, तुमच्याच भल्याचं हाय.

रेजिना : डॉक्टर, काय लिहिलं होतं त्यावर?

डॉक्टर : संमतिपत्र होतं.

रेजिना : त्यांना सांगा. मला नका सांगू.

डॉक्टर : शांताराम, त्यात असं आहे की... अभ्यासात भाग घ्यायला तुमची हरकत नाही. आणि त्या गुलाबी गोळ्या तुम्ही डॉक्टरला न विचारता, स्वतःच्या मनाने दुकानातून घेत होतात.

शांताराम : मी? नाय बा. गोळी तर तुमीच दिलेली. पहिल्यांदा तुमीच. पाकीट दिलंत अख्खं, पैसेबी नाय घेतले. मी घरी येऊन सांगितलं, देव मानूस हाय. मंग संपली तवा दुकानात जाऊन तीच मागितली. तुमी दिलेली म्हनून.

डॉक्टर : हो.

शांताराम : मंग तसं का लिवलं?

डॉक्टर : कारण ज्या अर्जावर पैसे मिळणार, त्यात तसंच लिहायचं ठरलंय. आणि... कारण मला लाज वाटत होती.

शांताराम : कशाची लाज? तुमाला तरी कुठं ठाऊक होतं? तुमी काय मुद्दाम दिली? मिठात पाय चरचरतात, आमी त्याला काय म्हनतो का, तू मुद्दाम चावलंस?

डॉक्टर : असं बोलू नका, शांताराम. शिव्या दिल्यात तर बरं वाटेल.

शांताराम : शिव्या देऊन किडनी येते का? बरं, ते पैसे कशाचे? तुमाला मिळनार?

रेजिना : सांगा त्यांना मशीनचं.

डॉक्टर : हा अर्ज मंजूर झाला तर वसईत मशीन येतील. डायलिसिसची. दोन. तुम्हाला मुंबईला जावं लागणार नाही. रिक्षाने याल, रिक्षाने घरी जाल.

शांताराम : हितं? वसईत?

डॉक्टर : इथेच.

शांताराम : आन तुमी मला आत्ता विचारताय? लिवा की मंग! काय लिवायचं ते लिवा. शांतारामने मनाने खाल्ली. चोरून खाल्ली लिवा. अजून दोन अंगठे घ्या. बाय, लिवा तुमी. अवो, परतताना मी खाली बसतो गाडीत, लोकांच्या पायांत. कोन उठवून बसवतं, कोन नाय. माझं नाव खराब झालं तर कोन बघनार? जूचंद्रात इंग्रजी कोन वाचतंय?

रेजिना : दादा, नाव नाहीच त्यात. नंबर आहे. तुमचा सतरा.

शांताराम : नंबरच? मंग तर काय हरकत नाय. आन आमचा शत्रुघ्न? त्याचा काय नंबर?

डॉक्टर : कशाला आता ते?

शांताराम : सहज विचारतो. भावाभावांचे नंबर लागून आले काय?

रेजिना : अठरा.

शांताराम : बघा. लागूनच. दोगं एका दिवशी आलतो ना तुमच्याकडे. त्याच्याबद्दल काय लिवलंय? त्याने पन मनाने घेतली लिवलंय? लिवू द्या, तो काय आता भांडायला येनार? वाचून दावा जरा, बाय.

रेजिना : डॉक्टर, वाचू?

डॉक्टर : नको.

शांताराम : का बरं? माझ्या भावाचं हाय. वाचा.

रेजिना : यात अकरा जणांबद्दल एकत्र लिहिलंय. शत्रुघ्न त्यात आहे. लिहिलंय की हे अकरा जण पुढे संपर्कात राहिले नाहीत.

शांताराम : म्हंजे?

रेजिना : म्हणजे... दवाखान्यात यायचे बंद झाले. कुठे गेले ते माहीत नाही.

शांताराम : कुठं गेले म्हंजे काय? डॉक्टरसाहेब, तुमी आलता ना त्याच्या मयताला?

डॉक्टर : आलो होतो.

शांताराम : मे महिनाच होता. दोन वर्सं झाली. तुमी बांधावर उभे होता, छत्री नव्हती, मी तुमाला टॉवेल दिला डोक्यावर घ्यायला. मी त्याला आग दिली आन मागं वळलो तर तुमी रडत होता. तवा मला वाटलं, एवढा शिकलेला मानूस आमच्यासाठी रडतोय. आन आता लिवता तो कुठं गेला ते माहीत नाय?

डॉक्टर : मृत्यू लिहिले तर ते अर्ज परत करतील.

शांताराम : त्याची बायको अजून मिठागरावर जाते. पोरगी झाली तवा तो होता का? नव्हता. तिला काय सांगायचं, बाप मेला नाय, कुटंतरी निघून गेलाय? मानूस बाईला टाकून पळून गेला की असं बोलतात आमच्यात.

रेजिना : दादा, पाणी... घोटभर घ्या.

शांताराम : नको, मोजलेलं संपलं आजचं. साहेब, माझ्याबद्दल काय बी लिवा. चोर लिवा, बेवडा लिवा. मी हाय जिता, कोनी विचारलं तर सांगेन. त्याला मेलेला लिवा. मेलाय तो. तेवढं एक लिवा, बाकी तुमचं र्‍हाऊ द्या.

डॉक्टर : तेवढं एकच नाही लिहिता येणार, शांताराम. एक मृत्यू लिहिला की अकरा लिहावे लागतात. अकरा लिहिले की कशाने ते लिहावं लागतं. ते लिहिलं की कुणी दिली तेही. त्या कौस्तुभने हे सगळं एकात एक बांधून दिलंय मला.

शांताराम : मंग मशीन नाय?

डॉक्टर : मग मशीन नाही.

शांताराम : असं हाय होय.

रेजिना : दादा, तुम्ही सांगाल तसं. मला कुणी विचारलेलं नाही, पण मी तुम्ही म्हणाल ते टाइप करते. मगाशी मी फार तोंड वर करून बोलत होते. या अर्जाचे दोन अवतार मीही मुकाट टाइप केलेत, शीर्षक बदललं तेव्हा ‘छान आहे’ म्हणाले होते. आणि मला काही मुंबईला जावं लागत नाही.

शांताराम : बाकीचे किती जातात मुंबईला, साहेब?

डॉक्टर : तुम्हाला धरून नऊ.

शांताराम : त्यांनाबी विचारायला पायजे खरं. पन कुरियर का काय आजच हाय, नाय?

डॉक्टर : पाचला.

शांताराम : आन ती मशीन खरंच येतीलच असं हाय? लिवून दिलंय त्यांनी?

डॉक्टर : नाही. तोंडी आहे. ‘बघू या सर, नक्की करू या’ म्हणाला.

रेजिना : लिहून नाही दिलं?

डॉक्टर : नाही. विचारायची माझी हिंमत झाली नाही. विचारलं असतं तर तो नाही म्हणाला असता, आणि मग हे सगळं मी कशासाठी करतोय, ते मला बघावं लागलं असतं.

शांताराम : छ्या! म्हंजे आमचे अंगठे घेऊन गेला तो, आन आपल्याकडे त्याचं काय बी नाय.

डॉक्टर : एक पेपरवेट आहे.

शांताराम : काय?

डॉक्टर : काही नाही. रेजिनाबाई, नवं पान काढा.

रेजिना : डॉक्टर, नीट विचार करा. नंतर मला दोष देऊ नका.

डॉक्टर : पहिल्या अर्जातलं शीर्षक घाला. गोळीचं नाव घाला, होतं तसं. पान सहा. ‘एक्केचाळीसपैकी अकरा रुग्णांचा मृत्यू झाला.’ घातलंत?

रेजिना : घातलं.

डॉक्टर : त्याखाली अकराही तारखा घाला. वहीत आहेत, ही घ्या. आता पान चार. ‘चौदा रुग्णांना ही गोळी प्रस्तुत संशोधकाने’... थांबा. खोडा. ‘मी’ लिहा.

रेजिना : इंग्रजीत अर्जात ‘मी’ लिहीत नाहीत, डॉक्टर.

डॉक्टर : लिहा तुम्ही. ‘मी स्वतः लिहून दिली होती, आणि त्यांतल्या पाच जणांचा मृत्यू झाला.’ हा दुसरा भाग पहिल्या अर्जातही नव्हता. चौदांतले किती गेले ते मी तेव्हाही सांगितलं नव्हतं. तुम्ही मला चांगलं समजत होता ना, तेव्हाही.

रेजिना : पाच.

डॉक्टर : पाच. शत्रुघ्न त्यातला चौथा.

शांताराम : हां. तो चौथाच. त्याच्या आधी वरच्या आळीतले दोगं गेले, आन एक गोदामातला.

डॉक्टर : हे संमतीचे कागद. अर्जाला जोडायचे म्हणून सगळे माझ्याकडेच दिलेत. हा तुमचा, शांताराम. खोटा आहे, घेऊन जा. बाकीचे मी घरोघर जाऊन परत देतो.

शांताराम : फाडू?

डॉक्टर : तुमचा आहे.

शांताराम : र्‍हाऊ द्या. मागनं कोरा हाय. पुतनीला रेघोट्या मारायला होईल.

रेजिना : डॉक्टर, हा पाठवायचा कुठे? त्यांनाच?

डॉक्टर : त्यांनाच. आजच. एक प्रत पुन्हा दिल्लीला. मिठागर म्हणजे काय ते या वेळी पहिल्या पानावर समजावून लिहू.

रेजिना : ते परत पाठवतील.

डॉक्टर : पाठवतील. कौस्तुभचा फोन येईल, ‘सर, हे काय केलंत?’ मग दवाखान्यात त्यांचं कुणी फिरकणार नाही. आणि हे वाचून कुणी माझ्यावर केस केली तर तीही होईल. मशीनचं मी इथल्या हॉस्पिटलच्या ट्रस्टकडे बोलून बघतो, शांताराम. पण खोटी आशा लावत नाही. या वर्षी नाही येणार. कदाचित...

शांताराम : कळलं, साहेब. पुढचं नका बोलू.

रेजिना : तुमचा अर्ज पाकिटात घातलाय, दादा. वरच्या खिशात ठेवा, घामाने भिजेल नाहीतर.

शांताराम : अडीच वाजले का? निघतो. या पायांनी ठेसनपर्यंत वीस मिनिटं जातात.

डॉक्टर : माझी स्कूटर आहे बाहेर. थांबा, मी येतो. स्टेशनवर कशाला, मी मुंबईपर्यंत येतो तुमच्याबरोबर. तिथे बसतो, संध्याकाळी घेऊन परत येतो. आज दवाखाना बंद ठेवतो. रेजिनाबाई कुरियर करतील.

शांताराम : नको.

डॉक्टर : एकटे जाताय, शांताराम. येताना तुम्हाला चक्कर येते.

शांताराम : ठेसनपर्यंत सोडा. तेवढंच.